स्वस्त लेन्सची घडण इतकी चांगली असते? तुमचे अनुभव सांगा

कवडसा

मंडळी,

गेल्या आठवड्यात टीटीआर्टिझन कंपनीची ३५ मिमी एफ/१.४ लेन्स घेतली. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरसाठीची, पूर्ण मॅन्युअल. ऑटोफोकस नाही, आत एकही चिप नाही. घेताना हिशेब साधा होता: मॅन्युअल फोकसचा हात बसवायचा आहे, तर एखादी कामचलाऊ लेन्स असावी, बिघडली तरी फार हळहळ वाटू नये. खोक्यातून काय निघणार याचं चित्रही डोळ्यांसमोर होतं. हलकं प्लास्टिक, खरखरणारी रिंग, थोडी डगमग.

निघाली ती धातूची, हाताला गार लागणारी, मुठीत मावणारी वस्तू. वजन सुमारे १८० ग्रॅम, पण आकार इतका लहान की ते वजन भरीव वाटतं. अंतराचे आणि ॲपर्चरचे (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाचे) आकडे नुसते छापलेले नाहीत, कोरून त्यात रंग भरलाय. ॲपर्चर रिंगचा प्रत्येक टप्पा बोटाला कळतो. पुढून बघत रिंग फिरवली की दहा पाती एकसारखी मिटतात, भोक जवळजवळ गोलच राहतं.

पण मला खरं थांबवलं ते फोकस रिंगने. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दाबाने फिरते. कुठे अडत नाही, कुठे सैल पडत नाही, आणि बोट उचललं की जिथे असेल तिथेच राहते. माझ्या किट झूमची (कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सची) फोकस रिंग कितीही फिरवा, तिला शेवटच नाही, कारण ती आतल्या काचेला जोडलेलीच नाही, फक्त मोटरला इशारा देते. त्या झूमचं नळकांडं पूर्ण बाहेर आलं की बोटाने हलतंही. ती या लेन्सपेक्षा बरीच महाग होती.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. एवढ्या कमी पैशांत हे परवडतं कसं? की मी फक्त वरच्या सालीवर भुललोय आणि काटकसर आत कुठेतरी झाली आहे? फोटो मला आवडताहेत, त्याबद्दल नंतर लिहीन. आत्ता फक्त घडणीबद्दल बोलू या. स्वस्त लेन्स हातात घेऊन तुम्हालाही असा सुखद धक्का बसलाय का?

आडवाट

बसलाय, आणि तोही एका जुन्या लेन्सने. निकॉनने १९७९ मध्ये ईएम कॅमेऱ्यासोबत सीरिज ई नावाच्या लेन्स काढल्या. कंपनीच्या नेहमीच्या लेन्सपेक्षा हलक्या आणि स्वस्त, बाहेर बरंच प्लास्टिक. त्या काळी जाणत्या लोकांनी नाकं मुरडली होती. त्यातली ५० मिमी एफ/१.८ माझ्याकडे आहे. चाळीसहून जास्त वर्षं झाली, फोकस रिंग आजही रेशमासारखी फिरते आणि माउंट (कॅमेऱ्यात बसणारी मागची रिंग) धातूचाच आहे. जिला तेव्हा हलकी म्हणून हिणवलं, तिच्यासारखी रिंग आज नव्या लेन्समध्ये सापडली की आपण खूश होतो.

तुमच्या वर्णनावरून लेन्स चांगली निघालेली दिसते. अभिनंदन!

लेथवाला

कवडसा, तुमच्या "परवडतं कसं" या प्रश्नाला माझ्या धंद्यातून उत्तर देतो. फोटोग्राफी माझा छंद, पोटापाण्याचं काम सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर. बावीस वर्षं झाली.

लोक समजतात की धातू म्हणजे महाग आणि प्लास्टिक म्हणजे स्वस्त. कच्च्या मालापुरतं बोलायचं तर ते बरोबर आहे, पण कारखान्यात हिशेब वेगळा लागतो. प्लास्टिकचा भाग बनवायचा तर आधी पोलादाचा मोल्ड, म्हणजे साचा, बनवावा लागतो. लेन्सच्या नळकांड्याला लागतो तसा अचूक मोल्ड हे मोठं आणि वेळखाऊ काम. तो बनवून, मशीनवर चढवून, चाचण्या घेऊन, परत घासून ठीक करेपर्यंत एकही विकण्याजोगा भाग हातात येत नाही. मात्र एकदा तो जमला की लाखो भाग एकसारखे आणि भराभर पडतात. म्हणून ज्या कंपनीला लाखांनी लेन्स विकायच्या आहेत तिला प्लास्टिक परवडतं.

जिला काही हजारच विकायच्या आहेत, तिने मोल्ड केला तर त्याचा खर्च निघणार कधी? ती ॲल्युमिनियमचा रॉड घेते आणि सीएनसीवर थेट भाग काढते. प्रोग्राम बदलला की त्याच मशीनवर दुसऱ्या दिवशी दुसरी लेन्स. वरून ॲनोडायझिंग (धातूवर चढवलेला टिकाऊ थर), मग अक्षरं कोरायची, रंग भरायचा, झालं. तेव्हा लहान कंपनीची लेन्स धातूची असते यामागे सढळ हात नसतो, लहान बॅचसाठी तोच मार्ग सोयीचा पडतो. यात मला कमीपणा वाटत नाही. उलट त्यामुळे ग्राहकाला हातात घेऊन आनंद वाटेल अशी वस्तू मिळते.

आणि तुमच्या लेन्समध्ये काय नाही ते बघा. फोकसची मोटर नाही, स्टॅबिलायझर नाही, सर्किट नाही, कॅमेऱ्याशी बोलणारी चिप नाही आणि तिच्यासाठी लिहावं लागणारं सॉफ्टवेअरही नाही. काच, आटे, पाती, ग्रीस, संपलं. सगळा पैसा तेवढ्यातच गेलाय.

आता फोकस रिंग. आत जी यंत्रणा आहे तिला हेलिकॉइड म्हणतात. एकात एक बसणारे नर-मादी आटे. साध्या बोल्टसारखा एकच आटा दिला तर काच थोडी पुढे सरकवायलाही रिंगला कितीतरी फेरे द्यावे लागतील. म्हणून मल्टिस्टार्ट आटे पाडतात, एकाच वेळी अनेक तोंडांनी सुरू होणारे. तुमची ३५ मिमी सर्वात जवळ म्हणजे ०.२८ मीटरवर फोकस होते. कागदावर गणित केलं तर त्यासाठी काचा अनंताच्या जागेपासून (जिथे खूप दूरचं स्पष्ट दिसतं) सुमारे ६ मिमी पुढे याव्या लागतात. एका फेऱ्याहून कमी फिरवण्यात हे ६ मिमी, आणि तेही न डगमगता. आटे चढे असले की थोडीशी ढिलाईसुद्धा हाताला जाणवते.

ती ढिलाई शून्य करता येत नाही, केली तर रिंग फिरणारच नाही. उरलेली फट भरून काढतं ते ग्रीस. तुम्ही ज्या "एकसारख्या दाबा"बद्दल लिहिलंय तो निम्मा आट्यांचा आणि निम्मा ग्रीसचा. दाट ग्रीस भरून सैल आटे झाकता येतात. नवी असताना रिंग मखमली वाटते, पण थंडीत जड होते आणि ग्रीस जुनं झालं की खेळ बाहेर येतो. तपासायचं असेल तर रिंग फिरवू नका. धरून दिशा उलटा, पुढे-मागे, अगदी थोडी. दिशा बदलताना बोट हललं आणि चित्र नाही हललं, तर तो बॅकलॅश.

कवडसा

लेथवाला, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मोल्डची बाजू कधी मनातही आली नव्हती. बॅकलॅश तपासला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून रिंग किंचित मागे-पुढे केली, चित्र लगेच मागोमाग येतं. अगदी टोकाजवळ, अनंताच्या खुणेपाशी, एक केसभर मोकळी वाटते.

उत्तररात्र

आनंदात विरजण घालायचं नाही, पण एक बाजू मांडायलाच हवी. मी अशीच एक धातूची, देखणी, मॅन्युअल लेन्स घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही. हातात धरली की वाटायचं, ही पिढ्यान्‌पिढ्या टिकणार. पहिल्याच दिवशी दूरचे डोंगर टिपले आणि वरचा उजवा कोपरा पुसट. एफ/८ पर्यंत बंद केली तरी तो बाकीच्या तीन कोपऱ्यांच्या बरोबरीला आला नाही. बदलून घेतली. दुसरी चारही कोपऱ्यांत चोख, पण तिची रिंग पहिलीपेक्षा जड. तेच मॉडेल, तीच बांधणी, दोन वेगळ्या लेन्स.

म्हणून माझं म्हणणं आहे की घडण म्हणजे हाताला लागतं तेवढंच नव्हे. प्रत्येक काच आपल्या मध्यावर आणि सरळ बसली आहे का, ही खरी घडण. ती बोटांना कळत नाही. महाग लेन्समध्ये तुम्ही मोठा भाग या तपासणीचा भरता. सिग्मा आपली प्रत्येक लेन्स ए१ नावाच्या स्वतःच्या मोजणी यंत्रावर तपासून मगच बाहेर सोडते, आणि त्यात त्यांच्या परवडणाऱ्या काँटेंपररी लेन्सही आल्या. हे काम दिसत नाही, जाहिरातीतही छान दिसत नाही, पण मला ते कोरलेल्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट. अंधारात मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरपा मारा आणि पुढून आत बघा. नळकांड्याची आतली भिंत काळी मिट्ट दिसायला हवी. बाहेरचं ॲनोडायझिंग चोख आणि आत चकचकीत कडा, असं स्वस्त लेन्समध्ये खूपदा दिसतं. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर असला की त्याच कडेवरून प्रकाश उसळतो आणि फोटोवर पांढुरका पडदा येतो.

कवडसा

टॉर्च मारून बघितला. मागच्या काचेभोवती एक अरुंद रिंग आहे, ती चमकते. बाकी भिंतीवर बारीक आटे पाडून काळं केलंय. उन्हाविरुद्ध काढलेल्या दोन फोटोंत खालच्या बाजूला फिकट पट्टा आला होता, तो बहुधा याचाच. हूड (लेन्सपुढे लावायची, सावली देणारी नळी) लावून आज परत बघतो.

दुरुस्तीचं_टेबल

मी लेन्स आणि कॅमेरे दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर लेन्स येते ती पडलेली, भिजलेली किंवा बुरशी लागलेली, तेव्हा माझं मत त्या अंगाने घ्या.

सगळ्यात मोठा गैरसमज माउंटचा. "माउंट धातूचा आहे ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. धातूची रिंग दिसते, पण ती कशात पिळली आहे ते दिसत नाही. पुष्कळ लेन्समध्ये ती रिंग तीन-चार स्क्रूंनी आतल्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसवलेली असते. नावाजलेल्या, महाग लेन्समध्येही. लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे रॉजर सिकाला यांनी शेकडो लेन्स उघडून याविषयी पूर्वीच लिहून ठेवलंय. लेन्स पडली की रिंगला काही होत नाही, त्या खुंट्या तुटतात.

आणि ते तुटणं नेहमी वाईटच असं नाही. खुंटी तुटते तेव्हा धक्का तिथेच जिरतो, कॅमेऱ्याचा माउंट आणि आतल्या काचा वाचतात. पूर्ण धातूची लेन्स पडली की बाहेर एखादाच पोचा दिसतो, पण हेलिकॉइडचा गोल किंचित लांबट झालेला असतो. मग रिंग एका जागी अडकते. तो गोल परत आणणं फार कठीण काम आहे. फिल्टरच्या आट्यांना पोचा आला तर मी ते सरळ करून देतो, हेलिकॉइडचं मी आधीच सांगतो की खात्री नाही.

प्लास्टिकचेही प्रकार आहेत. नुसतं पॉलिकार्बोनेट तापमानाने ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं. ५० मिमी व्यासाचा भाग ३० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम सुमारे ०.०३५ मिमी वाढेल आणि साधं पॉलिकार्बोनेट जवळजवळ ०.१ मिमी. लेन्समध्ये ०.१ मिमी फार झालं. म्हणून त्यात काचतंतू वगैरे मिसळून ते आटोक्यात आणतात. सिग्मा टीएससी नावाचं जे मिश्रण वापरते त्याचं वैशिष्ट्यच हे, की त्याचं प्रसरण ॲल्युमिनियमशी जुळतं, म्हणून धातूचे आणि प्लास्टिकचे भाग शेजारी शेजारी बसवता येतात. असं प्लास्टिक हातात घेतलं की त्याला धातूइतकी शान वाटत नाही, पण आत उघडून बघितलं की त्याच्याबद्दल आदर वाटतो.

कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ ची वाटचाल बघा. १९८७ ची पहिली आवृत्ती धातूच्या माउंटची आणि अंतराची खिडकी असलेली. १९९० ची दुसरी प्लास्टिकच्या माउंटची, फक्त १३० ग्रॅम, पाच पाती. पंचवीस वर्षं तीच चालली, आणि असंख्य लोकांनी मोठ्या ॲपर्चरची पहिली लेन्स म्हणून तीच घेतली. २०१५ ला एसटीएम नावाची तिसरी आवृत्ती आली: धातूचा माउंट परत, सात पाती, नवी मोटर, वजन तरी १६० ग्रॅमच. स्वस्त लेन्स म्हणजे उत्तरोत्तर घसरत जाणारी वस्तू, हे खरं नाही. इथे काय काढलं, काय परत दिलं, ते स्पष्ट दिसतं.

तिसरा_प्रहर

वरच्या मुद्द्याला जोडून फुजीचं उदाहरण. एक्सएफ ३५ मिमी एफ/२ धातूची, ॲपर्चर रिंग असलेली, पाण्याच्या शिंतोड्यांपासून सांभाळणारी, १७० ग्रॅम. २०२० मध्ये त्यांनी एक्ससी ३५ मिमी एफ/२ काढली. काचांची रचना तीच, पण अंग प्लास्टिकचं, माउंट प्लास्टिकचा, रिंग नाही, सील नाही, १३० ग्रॅम. म्हणजे एकाच काचेला दोन पोशाख. मी एक्ससी वापरतो. प्रवासात ते ४० ग्रॅम कमी असणं मला प्लास्टिकच्या माउंटपेक्षा जास्त जाणवतं, आणि लेन्स दिवसातून दोनदा बदलूनही माउंटवर झीज नाही.

निकॉनची झेड ४० मिमी एफ/२ सुद्धा प्लास्टिकच्या माउंटची आहे, १७० ग्रॅम, फुल फ्रेम म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरसाठीची. ती वापरणारा एक मित्र सगळं काम तिच्यावरच करतो.

आडवाट

५० मिमी एफ/१.८ स्वस्त आणि चांगली का निघते, याचं एक कारण घडणीच्याही आधीचं आहे. तिची रचना मुळात सोपी. १८९६ मध्ये झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी प्लानार काढली, मधल्या ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकसारखे काचांचे गट. या समतोलामुळे एका गटाचे काही दोष दुसरा गट आपोआप रद्द करतो. सहा-सात काचांत काम भागतं, त्याही साध्या गोलाकार पृष्ठभागांच्या. काचा कमी म्हणजे चुकीच्या बसायला जागाही कमी. स्वस्तात चांगली घडण हवी असेल तर ५० मिमीच्या आसपास शोधा, अतिरुंद कोनाच्या लेन्समध्ये ते नशिबावर जातं.

झिरमिर

नमस्कार. मी इथे नवीन आहे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या मामाने मला त्याची जुनी हेलिओस ४४-२ दिली आहे, ५८ मिमी एफ/२. मी ती ॲडॉप्टर (वेगळ्या माउंटची लेन्स बसवायची मधली रिंग) लावून सोनीच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर वापरते. हातात इतकी छान लागते की दुसरी लेन्स लावावीशीच वाटत नाही. पण दोन अडचणी आहेत. ॲपर्चरला दोन रिंगा का आहेत ते कळत नाही. आणि फोटोत नेहमी एक बाजू मऊ येते. लेन्स खराब आहे का? असेल तर मामाला सांगायचं कसं, हाही प्रश्न आहे. त्याने फार मायेने दिली आहे.

आडवाट

झिरमिर, स्वागत. मामांनी छान भेट दिली.

दोन रिंगांचं सांगतो. हेलिओस ४४-२ त्या काळची आहे जेव्हा फोटो काढण्याच्या क्षणी ॲपर्चर आपोआप मिटत नसे. एक रिंग टप्प्याटप्प्याची, तिच्यावर हवा तो आकडा लावून ठेवायचा. दुसरी गुळगुळीत, ती पूर्ण उघडते आणि त्या लावलेल्या आकड्यापर्यंतच मिटते. म्हणजे उघडी ठेवून भरपूर उजेडात फोकस करा, मग न बघता ती रिंग थांबेपर्यंत फिरवा आणि टिपा. व्हिडिओ काढणाऱ्यांना ही टप्पे नसलेली रिंग फार आवडते. आत आठ पाती आहेत, मिटताना बघा.

हिची मूळ रचना झाइसच्या बिओटार ५८ मिमी एफ/२ वरून आलेली. सोव्हिएत काळात प्रचंड संख्येने बनली, म्हणूनच आजही सहज मिळते.

उत्तररात्र

झिरमिर, मामांना काही सांगण्याआधी एक तपासणी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. खूप दूरचं, आडवं पसरलेलं काहीतरी घ्या, इमारतींची किंवा झाडांची रांग चालेल. जवळची भिंत घेऊ नका, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवणं जमत नाही आणि दोष नसताना दिसतो. ॲपर्चर पूर्ण उघडं, एफ/२. स्क्रीनवर चित्र मोठं करून आधी उजव्या कडेवर फोकस करा, फोटो घ्या. मग डाव्या कडेवर, परत फोटो. नंतर दोन्ही शेजारी ठेवून बघा आणि काय दिसतं ते लिहा.

झिरमिर

केलं. उजवी बाजू स्पष्ट केली की डावी जाते. डावी स्पष्ट केली की उजवी जाते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या फोटोंत अगदी छान स्पष्ट येतात, फक्त एकत्र येत नाहीत. मधली जागा ठीकठाक. आणखी एक विचित्र गोष्ट: खूप दूरचं बघताना रिंग अनंताच्या खुणेपर्यंत नेली तर ते पुसट होतं, थोडी अलीकडे ठेवावी लागते.

लेथवाला

झिरमिर, काळजी करू नका. तुमच्या काचा चांगल्या आहेत असं मला वाटतं.

काच मध्यावरून सरकलेली असती तर ती बाजू कशीही फोकस केली तरी मऊच राहिली असती. तुमच्याकडे दोन्ही बाजू आपापल्या फोकसला नीट येतात. याचा अर्थ लेन्स सेन्सरसमोर तिरकी उभी आहे. आणि तुमच्या लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एकच संशयित आहे: ॲडॉप्टर.

हिशेब असा. तुमच्या हेलिओसच्या एम४२ या आट्यांच्या माउंटच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर हवं. सोनी ई माउंटचं तेच अंतर १८ मिमी. म्हणजे तुमचा ॲडॉप्टर २७.४६ मिमी जाड हवा, आणि चारही बाजूंनी तेवढाच. एफ/२ ला सेन्सरच्या बाजूला फोकसची मोकळीक दोन्हीकडे साधारण ०.०४ मिमी. डोक्यावरच्या केसाची जाडी त्याच्या दुपटीच्या आसपास. यावरून कल्पना करा.

कुणाकडे डिजिटल व्हर्नियर (जाडी मोजायचं अवजार) असेल तर मागून घ्या. लेन्स ज्यावर टेकते त्या बैठकीपासून कॅमेऱ्यावर टेकणाऱ्या बैठकीपर्यंत मोजा, माउंटचे आत जाणारे कान धरू नका. घड्याळाचे बारा, तीन, सहा, नऊ, अशा चार जागी मोजा. प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा घ्या, व्हर्नियर तिरका धरला तर चुकतं.

अनंतापलीकडे जाण्याचं कारणही तेच असावं. ॲडॉप्टर चुकून लांब झाला तर दूरचं कधीच स्पष्ट होणार नाही आणि गिऱ्हाईक परत येईल, म्हणून बनवणारे तो मुद्दाम थोडा आखूड ठेवतात.

दुरुस्तीचं_टेबल

लेथवाला म्हणतात ते पटलं. माझ्याकडे "लेन्स खराब" म्हणून आलेल्या जुन्या लेन्सपैकी कितीतरी ठिकाणी ॲडॉप्टरच दोषी निघालाय. झिरमिर, आधी ॲडॉप्टरचे स्क्रू घट्ट आहेत का बघा. एक मात्र सांभाळा: घरातला फिलिप्स पेचकस लावू नका. जपानी पद्धतीच्या कॅमेरा-लेन्सचे बारीक स्क्रू बहुतेक जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, दिसायला सारखेच, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खरवडून निघतं. एकदा खरवडलं की ड्रिल करूनच काढावा लागतो. पेचकस नसेल तर नखाने बैठक दाबून हलते का एवढंच पाहा.

आणि हेलिओसची रिंग जड वाटते का? त्या काळचं ग्रीस सुकून घट्ट होतं. जड असेल तर जोर लावू नका, साफ करून नवं ग्रीस भरता येतं.

कवडसा

धागा माझ्या लेन्सवरून निघाला आणि आता मला झिरमिरच्या ॲडॉप्टरची उत्सुकता जास्त आहे. मध्येच माझंही सांगून टाकतो: हूड लावल्यावर तो फिकट पट्टा गेला. हूडविना, त्याच कोनातून, परत आला. उत्तररात्र, तुमचं निदान बरोबर. त्या चमकत्या रिंगवर मॅट काळा रंग लावावा का, याचा विचार चाललाय.

दुरुस्तीचं_टेबल

कवडसा, ब्रशने द्रव रंग लावू नका, काचेच्या कडेखाली ओढला जातो. काळी फ्लॉकिंगची (मखमली लव असलेली) चिकटपट्टी मिळते, तिची अगदी अरुंद पट्टी कापून बसवा. मागची काच कॅमेऱ्यात किती आत जाते ते आधी बघून घ्या.

झिरमिर

मोजलं! शेजारच्या दादाच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर होता, त्यानेच धरायचं कसं ते दाखवलं. बारा वाजता २७.३२, तीन वाजता २७.२१, सहा वाजता २७.३१, नऊ वाजता २७.४२. मी तीनऐवजी पाच वेळा मोजलं, आकडे जवळपास तेच आले. म्हणजे एका बाजूला ०.२ मिमीहून जास्त फरक आहे ना? स्क्रू घट्ट आहेत, काही हलत नाही.

दादाकडे त्याच्या जुन्या लेन्ससाठी घेतलेला दुसरा ॲडॉप्टर होता. तो मोजला तर चारही जागी २७.४० आणि २७.४१. दिसायला दोन्ही सारखेच, काळे, धातूचे, हातात तितकेच भरीव. डोळे मिटून हातात दिले असते तर मला फरक सांगता आला नसता.

लेथवाला

हो, डावी-उजवीकडे ०.२१ चा फरक. ५५ मिमीच्या आसपासच्या बैठकीवर एवढा, म्हणजे ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर साधारण ०.१४, मध्यापासून दोन्हीकडे ०.०७. मोकळीक ०.०४. तुम्ही फोटोत बघितलं ते या आकड्यांत आहे. बहुधा दुसऱ्या बाजूचं काम करायला जॉब (तो भाग) उलटा धरला तेव्हा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, नीट टेकला नाही, किंवा खाली कचरा राहिला. एका सेटिंगमध्ये दोन्ही बैठका काढता आल्या असत्या तर हे झालंच नसतं. आकडे फार नेटके घेतलेत.

झिरमिर

आज दादाचा ॲडॉप्टर लावून त्याच झाडांचा फोटो काढला. एफ/२ ला कोपरे थोडे मऊ आहेत, पण डावी-उजवी एकसारखी, आणि एफ/५.६ ला तर फांद्यांची टोकंसुद्धा वेगळी दिसतात. अनंताची खुणही आता जवळजवळ खरी बोलते. मामाला फोन केला. त्याने रिंगबद्दल विचारलं, अजून तशीच मऊ फिरते का म्हणून. मी म्हटलं, फिरते.